औरंगजेबाचा चांदीचा रुपया: अर्धवट ठशावरून पूर्ण कसा वाचावा

जुना वाडा उतरवताना, देव्हाऱ्याच्या डब्यात किंवा मोडीला काढलेल्या चांदीत सातारा-सांगली भागात आजही अधूनमधून एक जाड, आखूड, धड गोल नसलेला रुपया सापडतो. त्यावर फारसी अक्षरे असतात आणि ती काठाशी तुटलेली असतात. बऱ्याचदा तो औरंगजेबाचा असतो. १६५८ ते १७०७ या जवळजवळ पन्नास वर्षांत त्याच्या टांकसाळींनी प्रचंड चांदी पाडली, आणि शेवटची काही वर्षे बादशहा स्वतः फौजेसह याच मुलखात होता. हा रुपया वाचायला फारसी भाषा यावी लागत नाही. नाण्यावर काय लिहिलेले असणार हे आधीच ठाऊक असते. दिसणारा तुकडा त्यातला कोणता, एवढेच ओळखायचे असते.

अक्षरे तुटतात ती झिजेमुळे नव्हे. चांदीची कांब ओतून तिचे तुकडे तोडायचे, तुकडा वजनात बसवायचा, तापवून ठोकून त्याची चकती करायची. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला; मध्ये चकती ठेवून वर घणाचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर जवळजवळ कधीच उतरत नाही. वरचा ठसा दर वेळी वेगळ्या कोनात धरला जाई, त्यामुळे नाण्याच्या दोन बाजूंच्या दिशाही एकमेकींशी जुळत नाहीत. आधुनिक नाण्यासारखे उलटवून पाहिले तर दुसरी बाजू तिरकी किंवा उलटी दिसते. ती आधी फिरवून सरळ करून घ्यावी लागते.

घणाच्या कामाचे दोष ओळखून ठेवले की पुढे गोंधळ होत नाही. काठाला आत शिरलेली चीर म्हणजे चकती पुरेशी न तापवता ठोकली होती. एका बाजूचा सपाट, अक्षर नसलेला भाग म्हणजे घाव तिरका बसला. अक्षरांना सावलीसारखी जोडरेघ दिसली तर दुसरा घाव पडताना चकती सरकली. हे तिन्ही अस्सलपणाच्या बाजूचे पुरावे आहेत, आणि एकाही दोषाशिवायचा, मधोमध बसलेला सुबक रुपया दिसला तर उलट जास्त बारकाईने पाहावे. वेगळ्या असतात त्या सराफी खुणा: फूल, चांदणी, अर्धचंद्र किंवा नुसता खोल ठिपका. आत तांबे तर नाही ना हे पाहायला त्या काळचे सराफ नाण्यावर अशी खूण ठोकत. खुणा जास्त असतील तर किंमत उतरते, पण नाणे खोटे ठरत नाही.

पहिले काम वजनाचे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा; हजार रुपयांच्या आत मिळणारा चालतो, पण २० किंवा ५० ग्रॅमच्या प्रमाणित वजनाने तो आधी तपासा. चांगला राहिलेला रुपया ११.३ ते ११.६ ग्रॅम भरतो, व्यास साधारण २१ ते २५ मिलिमीटर, जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. सराफ पेढीवर वजन करून घेतले तर आकडा ग्रॅममध्येच मागा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि हा रुपया त्याहून किंचित हलका. पण आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. ‘तोळ्याला थोडं जास्त भरलं’ असे कोणी सांगितले तर त्यातून काहीच कळत नाही.

वजन ११ च्या खाली गेले तर कारण शोधायलाच हवे. नुसत्या वापराने एवढी घट सहसा होत नाही. काठ घासला असेल, भोक पाडून बुजवले असेल, किंवा माळेत ओवण्यासाठी डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, लावलेली कडी नंतर काढली असेल. डाखाची जागा काठावर भिंगातून दिसते: तिथला पोत गुळगुळीत, रंग थोडा पिवळट किंवा करडा, आणि शेजारची अक्षरे वितळल्यासारखी मऊ. वजन ११.७५ च्या वर गेले तरीही सावध. कडीचा डाख शिल्लक असेल, नाहीतर नाणेच नवे असेल.

आता वाचन. आधी प्रकाश. छताचा दिवा बंद करून टेबललॅम्प नाण्याच्या डाव्या-वरच्या बाजूला, अगदी खाली आणून ठेवा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतील. नाणे हळूहळू फिरवत मोबाइलने पाच-सहा फोटो काढा आणि मोठे करून पाहा. कागद ठेवून वर पेन्सिल घासायची शाळेतली युक्ती इथे नको. उंच अक्षरे त्याने झिजतात.

मागची बाजू आधी वाचा. तिथे टांकसाळ आणि राज्यवर्ष, म्हणजे बादशहाच्या राज्याचे कितवे वर्ष ते, असते आणि मांडणी बरीचशी ठरलेली असते. मजकूर असा: ‘ज़र्ब (शहराचे नाव) सनह (आकडा) जुलूस मैमनत मानूस’. अर्थ: शुभ राज्यारोहणाच्या अमुक वर्षी अमुक ठिकाणी पाडले. बहुतेक टांकसाळींच्या नाण्यांवर हा मजकूर खालून वर चढत जातो. तळाच्या ओळीत ‘ज़र्ब’ आणि शहर, मध्ये ‘सनह’, ‘जुलूस’ आणि आकडा, त्यावर ‘मैमनत’, सर्वांत वर ‘मानूस’. नाणे सरळ कोणत्या बाजूने धरायचे हे ‘जुलूस’वरून ठरवावे, कारण मधली ओळ सहसा चकतीवर राहतेच. ती सापडली की तिच्या खालचा पट्टा टांकसाळीचा.

हा पट्टाच नेमका अर्धा बाहेर गेलेला असतो, आणि चुका इथे होतात. सर्वांत जास्त सापडणारी टांकसाळ सुरत. नाव आखूड: ‘सीन’, ‘वाव’, ‘रे’ आणि शेवटी लांब आडवी ‘ते’ ही फारसी अक्षरे, ‘ते’वर दोन ठिपके. वावचा छोटा गोल आणि शेवटची आडवी रेघ दिसली तर आधी सुरत धरून पाहा आणि ते खोटे पाडणारे काही दिसते का ते शोधा. नुसता ‘आबाद’ वाचता आला तर मात्र थांबा. औरंगाबाद, अहमदाबाद, अकबराबाद म्हणजे आग्रा, शाहजहानाबाद म्हणजे दिल्ली, हैदराबाद, अहसनाबाद म्हणजे गुलबर्गा, सगळ्यांचा शेवट तोच. ‘पूर’चेही तसेच: बुऱ्हाणपूर, सोलापूर, विजापूर. शेवटावरून शहर ठरत नाही, आधीचे एक तरी अक्षर लागते. ते नसेल तर नोंदीत ‘टांकसाळ अवाच्य’ लिहावे. अर्धवट नावाला दुर्मीळ शहर चिकटवून दुप्पट भाव सांगणे ही या बाजारातली सर्वांत जुनी खोड आहे.

आकडे डावीकडून उजवीकडे, आपल्यासारखेच वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ. दोनला वर उजवीकडे एक आकडी, तीनला दोन दात. सहाचा हात डावीकडे वळतो. सात म्हणजे वर उघडलेला कोन, आठ म्हणजे खाली उघडलेला; नाणे उलटे धरले की ७७ चे ८८ होतात, म्हणून आधी ‘जुलूस’ सरळ करणे महत्त्वाचे. मराठी वाचणाऱ्याची ठरलेली चूक पाचाची. फारसी पाच गोलसर असतो, वर टोकदार, खाली किंचित दबलेला, आणि आपला डोळा त्याला शून्य म्हणतो. शून्य म्हणजे तिथे फक्त ठिपका.

पुढच्या बाजूला हिजरी सन आणि बादशहाची दोन ओळींची कविता असते: ‘सिक्का ज़द दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर, शाह औरंगज़ेब आलमगीर’. तेजस्वी पूर्णचंद्रासारखे नाणे शाह औरंगजेब आलमगीराने जगात पाडले, असा अर्थ. सोन्याच्या मोहरेवर बहुधा ‘बद्र’च्या जागी ‘मेहर’ म्हणजे सूर्य येतो. मोहर म्हणून दाखवलेल्या पिवळ्या नाण्यावर ‘बद्र’ दिसला तर रुपयाला मुलामा दिलेला नाही ना, हे पाहून घ्यावे. त्याच्या आधीच्या शाहजहानच्या रुपयांवर कलमा म्हणजे इस्लामचे श्रद्धावचन असते; औरंगजेबाने तो नाण्यांवरून काढला. म्हणून कलमा दिसणारा रुपया त्याचा नाही. कवितेचे शब्द नाण्यावर एकावर एक रचलेले असल्यामुळे सरळ ओळीत सापडत नाहीत. ‘आलमगीर’ किंवा ‘औरंग’ एवढा एक शब्द पकडा आणि मग ओळींमधल्या मोकळ्या जागांत सन शोधा. त्याची जागा टांकसाळीगणिक बदलते.

सन आणि राज्यवर्ष यांचा मेळ हे या नाण्याचे सर्वांत उपयोगी कुलूप आहे. औरंगजेबाची राज्यवर्षे १ रमजान १०६८ पासून मोजली गेली. त्यामुळे हिजरी सनातून राज्यवर्ष वजा केले तर उत्तर १०६७ किंवा १०६८ यायलाच हवे: रमजानपासून पुढे पाडलेल्या नाण्यात १०६७, आधीच्यात १०६८. पहिल्या वर्षी आकड्याऐवजी ‘अहद’ हा शब्द असतो. समजा पुढच्या बाजूला सनाचा फक्त शेवटचा ७ उरला आहे आणि मागच्या बाजूला राज्यवर्ष २९ स्पष्ट आहे. २९ मध्ये १०६८ मिळवले की १०९७. १०६७ मिळवले तर १०९६, पण शेवटचा आकडा ७ आहे. म्हणजे सन १०९७ पक्का. मागे ३० असता तरी १०९७च आला असता, तेव्हा १०६७ मिळवून. वजाबाकी तिसरीच आली तर आधी स्वतःचे वाचन तपासा, त्यातही पाच-शून्य आणि सात-आठ. मागच्या वर्षाचा ठसा पुन्हा वापरल्यामुळेही कधी आकडे जुळत नाहीत, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा.

इसवी सन काढायला हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. ११०० हिजरी म्हणजे १०६७ अधिक ६२२, साधारण १६८९. प्रत्यक्षात ते वर्ष ऑक्टोबर १६८८ मध्ये सुरू होते. एक वर्ष इकडेतिकडे होते, म्हणून नोंदीत ‘१६८८-८९’ असे जोडवर्ष लिहावे. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला डिसेंबर १६९९ मध्ये वेढा पडला आणि एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडून त्याचे नाव आझमतारा ठेवले गेले. तो सगळा काळ हिजरी ११११ चा. वेढ्याच्या सुरुवातीला राज्यवर्ष ४३ चालू होते, शेवटी ४४. त्या फौजेच्या खजिन्यातले नवेकोरे नाणे कोणत्या आकड्यांचे असेल ते यावरून कळते. मात्र ११११ चा रुपया हाती आला म्हणून तो वेढ्यातलाच, असे कोणी सांगितले तर ती गोष्ट विकत घेऊ नये. सुरतेत पाडलेला रुपया इथे केव्हाही येऊ शकत होता. ऐतिहासिक मेळ असाच विजापूरच्या नाण्यांना लावून पाहावा. विजापूर सप्टेंबर १६८६ मध्ये मोगलांकडे गेले, म्हणजे राज्यवर्ष ३०. त्याहून लहान आकडा वाचला गेला तर वाचनच बहुधा चुकले आहे.

‘आलमगीर’ दिसले म्हणजे औरंगजेबच, हीसुद्धा घाई ठरते. १७५४ ते १७५९ या काळात दुसरा आलमगीर गादीवर होता आणि त्याच्या नाण्यांवर ‘बादशाह ग़ाज़ी’ आणि ‘सानी’ म्हणजे दुसरा, असे शब्द येतात. मराठ्यांच्या टांकसाळींनीही मोगल बादशहांच्याच नावाने रुपये पाडले. पुण्याच्या टांकसाळीचे नाव त्यांवर मुहियाबाद आणि मिरजेचे मुर्तजाबाद असे येते. सांगली-मिरजेकडच्या घरांत हेच रुपये औरंगजेबाचे समजून जपलेले असतात. इथल्या इतिहासाच्या दृष्टीने ते कमी मोलाचे नाहीत, पण वेगळ्या डब्यात जातात. राज्यवर्ष सहाच्या पुढचे वाचता आले तर दुसरा आलमगीर आपोआप बाद होतो.

धातूची परीक्षा घरी करता येते. या रुपयात चांदी साधारण ९६ ते ९८ टक्के, म्हणून विशिष्ट गुरुत्व १०.४ च्या आसपास यावे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. कोरडे वजन ११.५० आणि काटा १.१० दाखवत असेल तर उत्तर १०.४५. पाणी उकळून गार केलेले घ्या आणि त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर अक्षरांच्या खाचांत बुडबुडे अडकतात आणि उत्तर खोटे कमी येते. ०.०१ चा काटा असल्यास निकालात ०.१ ची चूक गृहीत धरा, तीनदा मोजून सरासरी घ्या. १०.२ ते १०.५ असेल तर ठीक. ९ च्या जवळ आले तर आत तांबे आहे. जर्मन सिल्व्हर ८.५ ते ८.८ येते.

या कसोटीची मर्यादा लक्षात घ्या. खऱ्या चांदीत केलेली नक्कल ती सहज पार करते, कारण ९२.५ टक्के चांदीचे गुरुत्वही १०.३६ आहे. तिथे पेढीवरचे क्ष-किरणाचे यंत्र थोडे पुढे नेते. नाण्याला धक्का न लावता मिनिटभरात ते घटक सांगते, जरी फक्त वरच्या पापुद्र्याचेच. ९९.९ टक्के शुद्ध चांदी दाखवली तर शंका घ्या. जुन्या पद्धतीने शुद्ध केलेल्या चांदीत थोडे शिसे आणि सोन्याचा अंश राहतो. कसोटीच्या दगडावर कस मात्र लावू देऊ नका, आणि खाच तर मुळीच नाही. खानापूर-विटा भागातल्या गलाईवाल्यांना चांदीची पारख उत्तम असते, पण त्यांचा धंदाच धातू वितळवण्याचा. मोडीत दिलेले नाणे मुशीत गेले की परत येत नाही, म्हणून चांदीच्या ढिगातून ते आधी वेगळे काढा.

बनावट नाणे भिंगातून असे दिसते. साच्यात ओतलेल्याचा पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ, काठावर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याचे समांतर ओरखडे. सर्वांत खात्रीचा पुरावा जोडीने मिळतो. दोन नाण्यांवर काठाची चीर त्याच जागी, सराफी खूणही त्याच जागी असेल, तर निदान एक तरी ओतीव आहे. घणाचा घाव दोनदा तसाच बसत नाही. चेहरा, देवदेवता किंवा इंग्रजी अक्षर असलेले ‘औरंगजेबाचे नाणे’ सरळ बाजूला ठेवा. लोहचुंबकाने फक्त लोखंड उघडे पडते, त्यावर समाधान मानू नये.

साफसफाईबाबत नियम एकच: घासायचे नाही. चिंच, लिंबू, राखुंडी, टूथपेस्ट, सराफाकडचे उजळण यांनी नाणे पांढरेफेक होते आणि त्याची किंमत निम्म्यावर येऊ शकते. काळा थर चांदीचे संरक्षणच करतो, तो ठेवावा. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत घाला, पाणी रोज बदला, आठवडाभराने बाभळीच्या काट्याने मऊ झालेली माती अक्षराच्या बाजूबाजूने हलकेच सोडवा. धातूची सुई वापरू नका. तेलकट किंवा चिकट थर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटांत सुटतो; खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको, आणि नेलपॉलिश रिमूव्हर हा त्याला पर्याय नाही, कारण त्यात इतर द्रव्ये असतात. हिरवा थर पसरत असेल तर जाणकार संवर्धकाकडे न्या.

ठेवण्यासाठी पीव्हीसी नसलेल्या मायलरच्या पारदर्शक पिशव्या किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे घ्या. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरी कापड आणि पेढीवरची मऊ प्लॅस्टिकची पाकिटे यांतून गंधक किंवा आम्ल सुटते. महाबळेश्वर, मेढा, पाटणकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून महिन्याने ती तापवून कोरडी करावी लागते. सांगलीत कृष्णाकाठी राहत असाल तर डबा तळमजल्याच्या कपाटात नको. २०१९ च्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते पाहून जागा ठरवा. गाळात गेलेले नाणे वाळू देऊ नका. ओले असतानाच स्वच्छ पाण्याखाली धरा आणि मग डिस्टिल्ड पाण्यात घाला. वाळलेला गाळ दगडासारखा बसतो.

नोंदीत वजन, व्यास, दोन बाजूंच्या दिशांतला कोन, वाचलेला मजकूर आणि अंदाजाने भरलेला मजकूर वेगळा लिहावा. अंदाज चौकोनी कंसात. एकाच टांकसाळीच्या आणि वर्षाच्या दोन-तीन रुपयांचे फोटो एकाच मापात छापून ट्रेसिंग पेपरवर एकावर एक उतरवले तर कोणत्याच नाण्यावर पूर्ण नसलेला ठसा कागदावर पूर्ण होतो.

जमिनीत किंवा भिंतीत पुरलेली नाणी सापडली तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्याचे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मडके फोडू नका, नाणी वाटून घेऊ नका, जागेचा फोटो आणि खोली लिहून ठेवा. खरेदी केलेल्या नाण्याची पावती जपा. आणि शंभर वर्षांहून जुने असल्यामुळे असे नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. परदेशातल्या नातेवाइकाला एकच रुपया टपालाने पाठवणे हीदेखील बेकायदा निर्यात ठरते.